रात्रीचं मार्जिन आणि खालची दाढ

सोमवार, ४ तारीख

आजपासून रोजनिशी. माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, म्हणतो की यशस्वी ट्रेडर रोजनिशी लिहितोच लिहितो. मी अजून यशस्वी झालेलो नाही, पण निदान ही बाजू तरी तयार असावी. मेहुण्याने ऑप्शनचा ऑनलाइन क्लास केलाय, तेव्हापासून मी त्याला गुरुजी म्हणतो. तो आधी लाजला. आता मी नुसतं नाव घेतलं तर ऐकू न आल्यासारखं करतो.

हेतू चांगला आहे, तो आधी लिहून ठेवतो. आमचं चष्म्याचं दुकान. आतल्या खोलीत ही डोळे तपासते, बाहेर काउंटरवर मी फ्रेमा विकतो. हिचं तपासणीचं यंत्र इतकं जुनं झालंय की त्याची एक चकती रबरबँडने जागेवर ठेवावी लागते. तपासताना रबरबँड सुटून एका गिऱ्हाइकाच्या कपाळावर बसला, तर तो म्हणाला, हो हो, आता स्पष्ट दिसलं. ही बिचारी वापरलेल्या यंत्रासाठी दुकानाच्या खात्यात पैसे साठवतेय. मी तिला नवं कोरं यंत्र आणून थक्क करणार आहे. तोवर हिला काही कळता कामा नये.

धंदा मला लगेच समजला. आम्ही फ्रेमेसोबत हमी विकतो ना, थोडे जास्त द्या, वर्षभरात मोडली तर बदलून देऊ? बहुतेकांची मोडत नाही आणि ते जास्तीचे पैसे आमच्या खिशात राहतात. ऑप्शन विकणं म्हणजे तेच. लोकांना भीती असते की बाजार पडेल. ते मला प्रीमियम देतात, मी म्हणतो, पडला तर नुकसान माझं. मुदत संपेपर्यंत बाजार पडला नाही की प्रीमियम माझा. लोकांची भीती विकत घ्यायची आणि शांत बसायचं. शांत बसण्यात माझा हात कोण धरणार?

मंगळवार, ५ तारीख

ब्रोकरकडे खातं उघडलं. अर्जात ई-मेल विचारला, दुकानाचाच दिला, दुसरा मला येत नाही. ती मेल रोज सकाळी ही उघडते, पण लेन्सवाल्या कंपनीची बिलं सोडून ती बाकी काही वाचत नसणार. बायका असल्या रुक्ष गोष्टी वाचत नाहीत.

बुधवार, ६ तारीख

आयुष्यातले पहिले ऑप्शन विकले. सकाळी दहाला विकले आणि दिवसभर काउंटरमागे शांत बसलो. बाजार जागचा हलला नाही. एका बाईंना मी चुकून पुरुषांची फ्रेम दाखवली, त्यांना ती आवडली, सगळंच माझ्या बाजूने चाललं होतं.

दुपारी तीनच्या सुमारास मोबाईलवर ब्रोकरचा संदेश आला: रात्रभर पोझिशन ठेवायची असल्यास मार्जिन भरा, अन्यथा ती बंद केली जाईल. मला वाटलं जाहिरात असेल, असले दिवसाला दहा येतात. मी पुसून टाकला. थोड्या वेळाने बघतो तर माझे ऑप्शन गायब! त्यांनीच परस्पर सौदा उलटा करून मला मोकळं केलं होतं, वर दलाली कापून.

ही आतून बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं? चेहरा का असा?"

"दाढ दुखतेय," मी म्हणालो. तोंडात पहिलं आलं ते बोललो.

"कुठली?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "खालची," म्हणालो. "डावीकडची."

गुरुवार, ७ तारीख

गिऱ्हाईक नसताना ब्रोकरच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर एक फोनवाली आली. आवाज गोड, धीर दांडगा.

मी म्हणालो, "बाई, माझा माल तुम्ही न विचारता कसा विकलात?"

"सर, तुम्ही दिवसाच्या मार्जिनवर सौदा केला होता. दिवसभरासाठी आम्ही कमी अनामत घेतो. रात्रभर ठेवायचा असेल तर पूर्ण अनामत लागते."

"का? रात्री मी झोपलेला असतो. झोपलेला माणूस काय नुकसान करणार?"

"तुम्ही झोपता सर, जग झोपत नाही. दिवसा बाजार घसरायला लागला तर आपल्याला लगेच बाहेर पडता येतं. रात्री बाजार बंद असतो. काही घडलं तर सकाळी तो एकदम खालीच उघडतो, मधे थांबायला जागाच नसते. म्हणून."

"पण काही घडलं नाही तर?"

"तर अनामत तुमचीच आहे, सर."

"मग तुम्हाला कशाला हवी?"

फोनवाली म्हणाली, "सर, आणखी काही मदत करू शकते का?" मी वादात जिंकलो असं मला वाटतं.

रात्री जेवताना सहज विषय काढला. म्हणालो, "माझ्या एका मित्राला रात्रीसाठी जास्त अनामत मागतात. हा अन्याय नाही का?"

ही ताटातून मान वर न करता म्हणाली, "आपण हमी देतो तेव्हा कपाटात चार फ्रेमा जादा ठेवतो ना? मोडल्याच तर द्यायला? दुकान उघडं असलं तर धावत जाऊन आणता येतील. सुट्टीच्या आदल्या दिवशी जास्त ठेवाव्या लागतात. तसंच असेल तुमच्या मित्राचं."

बाईमाणसाला काही माहीत नसताना किती अचूक सुचलं! तिला म्हणालो, डोकं चांगलं आहे तुझं. ती म्हणाली, "भाजी घ्या आणखी. दाढ दुखत नसेल तर."

शुक्रवार, ८ तारीख

रात्रीचं मार्जिन भरायला पैसे कमी पडत होते. दुकानाच्या खात्याला हात लावायचा नाही, ते तत्त्व. ताईला फोन केला. ताई माझी थोरली बहीण. मला पन्नाशी उलटली तरी ती मला छोट्या म्हणते.

कारण काय सांगावं याचा विचारच केला नव्हता. हातातली दाढ पुढे केली. म्हणालो, "ताई, दाढेचं ऑपरेशन निघालंय."

"अरे देवा! छोट्या, लहानपणापासून तुझे दात असेच. किती पाहिजेत?"

मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "इतके? किती दाढा आहेत?"

तासाभरात पैसे आले. बहीण असावी तर अशी. मार्जिन भरलं, नवे ऑप्शन विकले, आणि आज प्रथमच माझी पोझिशन रात्री माझ्याजवळ आहे. उशाशी मोबाईल ठेवलाय. ही म्हणाली, त्याला पांघरूण घालू का?

मंगळवार, १२ तारीख

सगळं सुरळीत. बाजार वर चाललाय, प्रीमियम माझ्याकडे येतोय. एकच अडचण: ताई आज बसने आली, मोठा डबा भरून पातळ सूप घेऊन. आली ती थेट दुकानात. मी तेव्हा शेंगदाणे खात होतो.

घाईघाईने गालाला रुमाल बांधला. ताईने रुमाल बघून डोळ्यांत पाणी आणलं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ती मला चमच्याने सूप पाजत होती. चष्मा घ्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, मी नंतर येतो. ताई म्हणाली, "बसा हो, त्याला बोलता येत नाही पण दाखवता येतं." मग मी मुक्याने तीन फ्रेमा विकल्या. नेहमी दिवसाला दोन जातात. याचा विचार करायला हवा.

ताई आणि ही आतल्या खोलीत बराच वेळ बोलत होत्या. मधूनच हसण्याचा आवाज येत होता. नणंद-भावजयीत असा सलोखा क्वचितच बघायला मिळतो. निघताना ताई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "छोट्या, जपून रे. रात्रीचं जास्त दुखतं म्हणे." किती समजूतदार!

गुरुवार, १४ तारीख

गुरुजी आले होते. त्यांनी मोटरसायकल विकून मार्जिन भरलंय. म्हणाले, "भावोजी, आपण दोघं आता मोठ्या लीगमध्ये आहोत. संख्या वाढवा." मी विचारलं, बाजार पडला तर? ते म्हणाले, "क्लासमध्ये सांगितलंय, शंभरातून पंच्याण्णव वेळा काही होत नाही."

"आणि पाच वेळा?"

"ते पुढच्या क्लासमध्ये आहे. त्याची फी वेगळी."

संख्या वाढवली. दुप्पट.

बुधवार, २० तारीख

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं, फक्त नफा. मी थोडा बदललोय असं वाटतं. चालताना हात मागे बांधतो. काल एका गिऱ्हाइकाने भाव कमी करायला सांगितला, तर मी नुसता मंद हसलो. तो घाबरून पूर्ण पैसे देऊन गेला.

यंत्राचं माहितीपत्रक मागवलंय. नवं, कोरं, बटणं दाबली की आपोआप नंबर दाखवणारं. काउंटरखाली लपवलंय. ही काल काउंटरखालचं झाडून काढत होती, पण तिला दिसलं नसणार, कारण तिने ते होतं तसंच परत ठेवलं.

एक गोष्ट मात्र गमतीची. संध्याकाळी ही म्हणाली, "तुमची दाढ बरोबर तीनच्या सुमारास का हो दुखते? रोज त्याच वेळी तोंड वाकडं होतं." मी म्हणालो, ऊन उतरायला लागलं की नसा आवळतात. ती म्हणाली, "मग डॉक्टरांची वेळ तीनचीच घेते. दुखत असताना दाखवलेलं बरं." माझ्या तोंडून हो निघून गेलं. उद्या तीन वाजता.

गुरुवार, २१ तारीख

क्रमाने लिहितो.

सकाळीच ब्रोकरचा संदेश आला. उद्या कुठलीशी मोठी सरकारी घोषणा होणार, म्हणून आज रात्रीचं मार्जिन वाढवलंय. जवळजवळ दुप्पट. तीनच्या आत भरा. माझ्याकडचं सगळं आधीच आत होतं. ताईकडे पुन्हा मागायचे तर आणखी एक अवयव लागला असता. शेवटी मन घट्ट केलं. दुकानाच्या खात्यातून एका रात्रीपुरते घ्यायचे, उद्या सकाळी परत. एकच रात्र, तीही झोपेत जाणार.

ही आत एका आजोबांचे डोळे तपासत होती, तेवढ्यात मी मोबाईलवरून पैसे पाठवले. उत्तर आलं: शिल्लक अपुरी. पुन्हा पाठवले. शिल्लक अपुरी. बँकेचं हे नेहमीचंच, ऐन वेळी त्यांचं यंत्र बिघडतं. बँकेत फोन करायला घेतला तर ही पर्स घेऊन समोर उभी. "चला. तीनची वेळ आहे."

"आज नको गं. आज अजिबात दुखत नाहीये."

"चेहरा बघा आरशात," ती म्हणाली. दुकानात आरसे भरपूर आहेत. सगळ्यांत मीच होतो आणि सगळ्यांत माझा चेहरा दाढदुखीचा होता.

दातांची डॉक्टर हिची शाळेतली मैत्रीण. तिने मला खुर्चीत आडवं केलं, वर दिवा लावला, तोंडात कापूस, आरसा, नळी असं सगळं सामान भरलं आणि म्हणाली, "अगं, यांची कीड तर खरीच आहे!"

खरीच म्हणजे? मला विचारायचं होतं, पण बोलता येईना. आणि त्याच वेळी माझ्या छातीवर ठेवलेला मोबाईल वाजला. ब्रोकर! मी हात पुढे केला तर डॉक्टर ओरडली, "हलू नका, सुई आत आहे!" हिने शांतपणे मोबाईल उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"नमस्कार सर, हा कॉल रेकॉर्ड होत आहे. तुमचं मार्जिन कमी आहे. पैसे भरताय, की तुमच्या सांगण्यावरून पोझिशन आत्ताच काढू? नंतर आमच्याकडून काढली तर दंड लागेल."

मी जिवाच्या आकांताने म्हणालो, "थेवा! थेवा!"

"सर, आवाज तुटतोय. थेवा म्हणजे?"

"थेऽऽवा! काहू नका!"

"काढू का?"

"आं आं!"

ही म्हणाली, "नमस्कार, मी त्यांची बायको. ते हो म्हणतायत."

"मॅडम, नियमाप्रमाणे सरांनी स्वतः हो म्हणायला हवं."

"बरोबर आहे," ही म्हणाली. मग तिने डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आता जरासं लागेल हं," आणि सुई कुठे टोचली देव जाणे, माझ्या टाळूतून वीज गेली.

"ओऽऽऽ!"

"धन्यवाद सर," फोनवाली म्हणाली. "'हो' नोंदवलं. पोझिशन काढली आहे. आपला दिवस शुभ जावो."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर म्हणाली, मोकळेपणाने रडा, पुष्कळ लोक रडतात.

सगळं गेलं. म्हणजे पैसे गेले नाहीत. खर्चवेच जाऊन सुरुवात केली होती तिथेच आलो, ताईचेही सुखरूप. पण उद्या घोषणेनंतर बाजार वर जाणार, गुरुजी बंगला बांधणार, आणि मी अर्धा गाल बधिर घेऊन फ्रेमा पुसणार. हिला याचा अर्थही कळलेला नाही. घरी येताना ती गुणगुणत होती.

शुक्रवार, २२ तारीख

बाजार पडला.

पडला म्हणजे घसरला नाही. काल जिथे बंद झाला आणि आज जिथे उघडला त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं, एखादा जिना उतरायला जावं आणि मधल्या पायऱ्याच नसाव्यात तसं. घोषणा पहाटेच झाली म्हणे, आणि ती लोकांना आवडली नाही.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. काल ते ऑप्शन माझ्याकडे राहिले असते तर माझं मार्जिन गेलं असतं, ताईचे पैसे गेले असते, दुकानाचे गेले असते, आणि वर ब्रोकर म्हणाला असता, आणखी आणा. कागद फाडला. तुकडे पुन्हा फाडले. मग दुकानाचं शटर उघडायला गेलो तर किल्ली उलटीच घालत बसलो. हिने माझ्या हातातून किल्ली घेतली, कुलूप उघडलं, आणि माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. गाल अजून सुजलेला होता.

दुपारी मेहुणा आला. चालत आला. मोटरसायकल तर गेलीच होती, आता मोबाईलही विकायला काढलाय. काउंटरवर डोकं टेकून म्हणाला, "भावोजी, ते पाच वेळांपैकी एक होतं." मी त्याला गुरुजी म्हणालो नाही. पाणी दिलं.

ही आतून आली. भावाच्या पाठीवर एक चांगली थाप मारली आणि म्हणाली, "सोमवारपासून सकाळी दहाला इथे यायचं. फ्रेमा पुसायच्या, लेन्स बसवायला शिकायचं. जेवण आमच्याकडे." तो मान न उचलता म्हणाला, "पगार?" ती म्हणाली, "शांत बसलास तर मिळेल."

मला मात्र माझं नवल वाटतंय. काल माझ्या शरीराला आधीच कळलं होतं. नेमकी त्याच वेळी दाढ किडलेली निघावी, याला आतला आवाज नाही तर काय म्हणायचं?

मंगळवार, २६ तारीख

ताईचे पैसे परत पाठवले. तिचा फोन: "इतक्या लवकर? ऑपरेशन झालं वाटतं." म्हणालो, झालं, मुळापासून. ती हसत सुटली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

आज दुकानासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून यंत्र उतरलं. तेच वापरलेलं, जे हिने पसंत केलं होतं. मी म्हणालो, "अगं, पैसे कधी भरलेस?" म्हणाली, "गुरुवारी. तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं ना, त्या दिवशी सकाळी."

म्हणजे बँकेचं यंत्र बिघडायच्या जरा आधी हिचे पैसे गेले! हिचं नशीब किती जोरावर आहे.

गुरुवार, २८ तारीख

आज ठरवलं, ब्रोकरचं खातं बंद. फोन केला. तीच फोनवाली.

"सर, हरकत नाही. पण मॅडमना विचारलंय ना? कारण त्या म्हणाल्या होत्या की शेवटी तुम्ही स्वतःच बंद कराल, घाई करू नका."

"कोण मॅडम?"

"आपल्या मिसेस, सर. त्यांचे चार-पाच फोन झाले. रात्रीचं मार्जिन कसं ठरतं, कधी वाढतं, किती वाजेपर्यंत भरावं लागतं, सगळं विचारून घेतलं त्यांनी. तुमच्या खात्याचं काही सांगितलं नाही हं मी, फक्त नियम सांगितले. फार हुशार आहेत. त्यांनी सांगितलेलं ते फ्रेमांच्या हमीचं उदाहरण मी आता सगळ्या गिऱ्हाइकांना देते."

मी फोन ठेवला. गाल धरून काउंटरमागे बसलो. मेहुणा लेन्स पुसत होता. तो म्हणाला, "भावोजी, परत दाढ?"

आतल्या खोलीत गेलो. अंधार होता, नव्या यंत्राचा तेवढा हिरवा उजेड. ही त्याच्या काचा पुसत होती. गिऱ्हाईक नव्हतं. मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो.

"मला कळलं," मी म्हणालो.

"काय?"

"तू फोन करत होतीस. मेल वाचत होतीस. डॉक्टर, ताई, सगळ्या एकाच कटात होतात."

"हनुवटी इथे ठेवा," ती म्हणाली. मी ठेवली. "आलाच आहात तर नंबर बघून घेऊ."

"पहिल्याच दिवशी माहीत होतं ना? मग मला थांबवलं का नाहीस?"

ती पलीकडून यंत्रात बघत होती. मला तिचा एकच डोळा दिसत होता, भला मोठा.

"थांबवलं असतं, तर तुम्ही जन्मभर सांगत सुटला असता की हिने थांबवलं नसतं तर आज मी कुठल्या कुठे असतो. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. तेवढं ऐकायची माझी ताकद नव्हती. म्हणून मी थांबवलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे नेलं."

"आणि बाजार वर गेला असता तर?"

"तर यंत्र आलंच असतं, दाढही दुरुस्त झाली असती, आणि तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नसतात." तिने बटण दाबलं. "आठवडा मला परवडला असता."

मला हसू आलं. मोठ्याने हसायला गेलो तर दाढेतून कळ आली, अजून दोन खेपा बाकी आहेत. ती म्हणाली, हलू नका, आकडे चुकतात. मग स्वतःच हसायला लागली आणि यंत्रातला तो मोठा डोळा हलायला लागला.

माझा नंबर वाढलाय. जवळचं दिसत नाही म्हणे.

संध्याकाळी पुन्हा ब्रोकरला फोन केला. खातं बंद करायला सांगितलं. ही बाजूला उभी होती.

"कारण काय नोंदवू, सर?"

मी हिच्याकडे बघितलं. तिने खांदे उडवले.

"दात," मी म्हणालो.

फोनवर थोडा वेळ टकटक ऐकू आली. "सर, दात असा पर्याय नाहीये. 'कौटुंबिक' आहे आणि 'वैद्यकीय' आहे. कुठलं लिहू?"

"दोन्ही लिहा," ही पुढे वाकून म्हणाली.

"मॅडम, नियमाप्रमाणे सरांनी स्वतः हो म्हणायला हवं."

या वेळी तोंडात काही नव्हतं. स्वच्छ, स्पष्ट म्हणालो, "हो."